पाण्याची सोय आहे

मोठ्या पाळकसाहेबांना सर्दी झाली, तरच आमच्या पपांना देवाबद्दल बोलायला मिळायचं. एरवी चौदा वर्षं नांदेडच्या चर्चमध्ये पपांचं काम एकच, सूचना वाचायच्या. उपासना निम्मी झाली की पपा उठायचे, कोटाची बटणं चाचपायचे आणि वाचायचे: बुधवारी भगिनी मंडळाची प्रार्थना अमक्यांच्या घरी, शनिवारी तरुण संघानं झाडलोटीला यावं, कोणाची तरी छत्री मागच्या बाकावर सापडली आहे. मग बसायचे. मग मोठे पाळकसाहेब उठायचे. त्यांचा संदेश म्हणजे बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. पाऊण तास ढवळायचे आणि पानात काही पडायचं नाही. पण आवाज असा, की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. या गृहस्थांना आजाऱ्याच्या खोलीतला वास सोसायचा नाही, मयतीला उन्हात उभं राहवायचं नाही, आणि मिशन कंपाउंडच्या मागच्या ओळीतल्या घरांमधला चहा घशाखाली उतरायचा नाही. ती सगळी कामं पपांची. दवाखान्यात जाऊन बसायचं, कबर खोदणाऱ्यांना बोलावून आणायचं, नवरा-बायकोची भांडणं मिटवायची. पपांचा अभ्यास झालेला, दीक्षा झालेली, पण नावापुढं कायम 'मदतनीस'. मोठे पाळकसाहेब समोरून आले की पपा दहा पावलांवरून सलाम करायचे. मला दोघांचाही संताप यायचा, आणि खरं सांगते, पपांचा जास्त यायचा.

माझं नाव करुणा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. घरात सगळ्यांत तिखट तोंड माझं, आणि दुसरा नंबर आईचा. आई मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सची लेक. तिच्या माहेरी खिडक्यांना लेसचे पडदे होते, नाताळात केक होत असे, आणि हे ती आम्हाला आठवड्यातून दोनदा तरी ऐकवायची. आमच्या दोन खोल्यांत तिनं कपाटावर सहा कपबश्या मांडून ठेवल्या होत्या. त्यातून चहा कोणी प्यायल्याचं मला आठवत नाही. आम्ही स्टीलच्या पेल्यांतून प्यायचो. रविवारी सकाळी घाईघाईनं सुशीला व्हायचा, मुरमुरे भिजवून, वर भरपूर कोथिंबीर आणि दाण्याचं कूट. तो खाता खाता आई कंपाउंडमधल्या एकेका घराचा पंचनामा करायची. अमकीनं चर्चला चपला कसल्या घातल्या होत्या, तमक्याच्या सुनेला चमच्यानं जेवता येत नाही. मागं रेल्वेची शिट्टी वाजायची, अंगणात लिंबाचा पाला पडत राहायचा, आणि मी हसून हसून लोटपोट व्हायचे. कंपाउंडमध्ये दोन पिढ्या काढल्या, की माणसाला वाटायला लागतं आपण थेट आभाळातून पडलो. आईचे आजोबा कुठून आले, पपांचे आजोबा कोणत्या गावात कोणाच्या विहिरीपासून वीस हात लांब घागर घेऊन उभे राहायचे, हे आमच्या घरात कोणी काढायचं नाही. पपा एखाद्या वेळी काढायला जायचे, तर आई म्हणायची, "पुरे. मुलगी मोठी झालीये." जसं काही ते घाण बोलणं होतं.

तर त्या उन्हाळ्यात एक पत्र आलं. हदगावहून आत, मातीच्या रस्त्यावर एक गाव आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथं त्या माणसांची नातवंडं नांदतात आणि त्यांना माझ्या आठवणींची काही गरज नाही. तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे पंच थोमादादा यांनी वहीच्या पानावर पपांना लिहिलं होतं. आमची मंडळी लहान आहे, घरं बावीस आहेत. तीन वर्षं झाली, पाळक नाही. आमच्या मयताला प्रार्थना करायला आपण दोनदा आलात, ते आम्ही विसरलो नाही. राहण्यास दोन खोल्या आहेत. पाण्याची सोय आहे. आपण एक रविवार येऊन उपासना घ्यावी, मंडळीनं आपल्याला बघावं, आपणही मंडळीला बघावं.

"पाण्याची सोय आहे!" आई म्हणाली. "म्हणजे बाकी कशाचीच नाही, असं सांगायलेत बिचारे." झालं. आम्हा दोघींना हसू आवरेना. मी पत्र हातात घेऊन मोठ्या पाळकसाहेबांच्या आवाजात वाचून दाखवलं, हात वर करून, 'पाण्याऽऽची सोय आहे', आणि आईला ठसका लागला. पुढं कित्येक दिवस आमच्यात तोच विनोद चालला. भाजीत मीठ नसलं, तर पाण्याची सोय आहे. पंखा बंद पडला, तर पाण्याची सोय आहे. पपा आमच्याकडं बघत होते. त्यांनी माझ्या हातातून पत्र घेतलं, घडी घातली, आपल्या बायबलात ठेवलं आणि म्हणाले, "मला जायचंय. मला हे पाहिजे." अख्ख्या आयुष्यात मी त्यांच्या तोंडून 'मला पाहिजे' एवढं एकदाच ऐकलं. कपडा नाही, खाणं नाही, कधी दुसऱ्यांदा वाढलेली भाजीसुद्धा त्यांनी मागितली नव्हती.

पण मलाही काहीतरी पाहिजे होतं. दहावीला मला चांगले मार्क पडले होते, नांदेडच्या कॉलेजात सायन्सला प्रवेश ठरला होता. त्या गावात शाळा सातवीपर्यंत. पपा गेले की कंपाउंडमधल्या खोल्या सोडाव्या लागणार, आणि एकटी मुलगी मागं ठेवायची तर कोणाच्या भरवशावर? पपा म्हणाले, "करुणा एखादं वर्ष आईला मदत करील. मग पुढचं पुढं बघू." आमच्या लोकांत 'पुढचं पुढं बघू' म्हणजे लग्न. मला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. मी सोळा वर्षांची होते आणि मला त्या बावीस घरांचा, न बघताच, इतका राग आला की काय सांगू. आईचंही तेच. "मी फुंकणी घेऊन चुलीपुढं बसणार नाही," ती म्हणाली, आणि कपबश्या पुसायला लागली. मोठे पाळकसाहेब मात्र खूश. "जा, जा, बंधू," ते म्हणाले, "प्रभूच्या मळ्यात कोणतंच काम लहान नसतं." स्वतः त्या मळ्यात त्यांनी कधी चप्पलसुद्धा बुडवली नव्हती.

आम्ही रविवारी पहाटेच्या गाडीनं निघालो. आईनं माझी शाळेतली हिरवी वॉटरबॅग उकळलेल्या पाण्यानं भरून माझ्या गळ्यात अडकवली, खेड्यातलं पाणी बाधतं म्हणून. हदगावपर्यंत एस्टी, पुढं दुसरी एस्टी फाट्यापर्यंत. त्या प्रवासात पपा कधी नव्हे ते बोलत सुटले. म्हणाले, त्या मंडळीचा स्वतःचा आड आहे. त्यांच्या आजा-पणज्यांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. बायका घागरी घेऊन दुपारभर बसायच्या, कोणाला दया आली तर वरून ओतायचे, नाही आली तर नाही. मग ही माणसं ख्रिस्ती झाली, आणि चर्च बांधायच्या आधी त्यांनी आड खणला. स्वतःच्या हातांनी, दोन उन्हाळे. चर्च नंतर झालं, आडाला लागून. तेव्हापासून तिथली रीत अशी, की नवा पाळक आला की मंडळीतली सगळ्यांत म्हातारी बाई आडातून पाणी शेंदते आणि पाळकाला, त्याच्या बायकोला, लेकरांना स्वतःच्या हातानं देते. ते पाणी घेतल्याशिवाय पाळक प्रार्थनेला उभा राहत नाही. "देतील ते घ्यायचं," पपा माझ्याकडं बघून म्हणाले. "नको म्हणायचं नाही. कळलं?" मी खिडकीबाहेर बघत मान हलवली. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं मी काय केलं ते न कळून केलं, असं कोणी म्हणू नये.

फाट्यावरून दोन मैल चालत. काळी माती, दोन्हीकडं नांगरून ठेवलेली रानं, आणि आई साडी वर धरून अशी चालत होती जसं काही जमीन चावणार आहे. चर्च म्हणजे मातीच्या भिंती, वर पत्रे, चुना ओला असतानाच भिंतीला टेकलेल्या कोणाच्या तरी पाठीचा डाग. घंटेच्या जागी रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा लिंबाला टांगलेला; एक माणूस तो दगडानं बडवत होता आणि आमच्याकडं बघून हसत होता. पताका होत्या, त्या कसल्या तर रंगीत वहीच्या कव्हरांच्या. पेटीचा भाता फाटका. मी एकेक बघत होते आणि मनात आईला सांगायच्या गोष्टी रचत होते. आमच्या गळ्यात झेंडूचे हार पडले. माझ्या हारातून एक मुंगी निघाली आणि मी ती अशी झटकली की चार बायकांनी बघावं.

आम्हाला आत पहिल्या रांगेत बसवलं, आणि मग मंडळीतली सगळ्यांत म्हातारी, मार्थाआजी, आली. कमरेत वाकलेली, हिरवं लुगडं, हातात घासून लख्ख केलेला पितळी तांब्या आणि पेला. तिनं पपांना पाणी दिलं. पपा डोळे मिटून शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. आईला दिलं. आता आई काय करते याच्याकडं मी डोळे लावून बसले होते. आईनं पेला दोन्ही हातांत धरला, डोक्यावरचा पदर नीट केला आणि पाणी पिऊन टाकलं. मला धक्काच बसला. ही माझी नाक मुरडणारी आई! आज वाटतं, तिच्या आजीनं तिला काहीतरी सांगितलेलं असणार; लेसच्या पडद्यामागं ते सगळं तिला ठाऊक होतं. मग पेला माझ्यासमोर आला.

"मला तहान नाही," मी म्हणाले.

"घोटभर घे की माय. थंडगार हाय."

"नको."

आजीला वाटलं मी लाजले. ती हसली, म्हणाली, "ऱ्हाऊ दे, मंग पी," आणि तो भरलेला पेला तिनं माझ्यासमोर, पाळक उभा राहतो त्या पायरीवर ठेवला. वर बशी झाकली. तिथवर काही बिघडलं नव्हतं, हे लक्षात ठेवा. लेकरू लाजलं, संपलं.

मग पपा संदेशाला उभे राहिले. सुरुवातीला बटणं चाचपली. प्रभू थकून विहिरीवर बसला आणि ज्या बाईच्या हातचं कोणी पाणी घेत नसे तिच्याचकडं त्यानं पाणी मागितलं, ती गोष्ट त्यांनी घेतली होती. आणि काय सांगू, पाचव्या मिनिटाला मी ताठ बसले. सर्दीच्या रविवारी ऐकलेले पपा हे नव्हेत; हा माणूस मला माहीत नव्हता. आवाज चढवला नाही, हात हलवले नाहीत. समोर बसलेल्या एकेकाशी बोलावं तसं बोलत होते. म्हणाले, देवाला तहान लागली तेव्हा तो राजवाड्यात गेला नाही, तुमच्या आडावर आला. थोमादादा, पागोटं मांडीवर ठेवून बसलेला सत्तरीचा माणूस, उघड उघड रडत होता. बायकांच्या बाजूनं 'व्हय बाबा, व्हय' असं चाललं होतं. चौदा वर्षं या माणसाला छत्र्या सापडल्याच्या सूचना वाचायला लावल्या होत्या! मला अभिमान वाटायला हवा होता. मला भीती वाटली. पपा इतके चांगले बोलत होते, की ही माणसं आता त्यांना सोडणार नव्हती. मला ते गाव दिसायला लागलं, चूल दिसायला लागली, पुढचं पुढं दिसायला लागलं.

म्हणून मी वॉटरबॅग उघडली. पहिल्या रांगेत बसून, पायरीवरचा पेला समोर असताना, हिरवं झाकण फिरवलं, त्यात पाणी ओतलं आणि प्याले. सावकाश प्याले. दोनदा.

'व्हय बाबा' थांबलं. मार्थाआजी उठली, तिनं बशी काढली, पेला उचलला आणि ते पाणी तिथंच उभ्यानं स्वतः पिऊन टाकलं. पपांनी बघितलं. एक वाक्य अर्धं राहिलं, मग त्यांनी ते पूर्ण केलं आणि प्रार्थना केली.

जेवायला ज्वारीच्या भाकरी, कोंबडीचा रस्सा, पाहुण्यांसाठी म्हणून भात. रस्सा असा झणझणीत की कानातून धूर निघावा, आणि चव मात्र अजून जिभेवर आहे. वाढणाऱ्यांनी आग्रहात कसूर केली नाही. माझ्या ताटात तर दोनदा वाढलं. जेवणं झाल्यावर थोमादादा पपांपुढं येऊन बसला. "सायेब," तो म्हणाला, "संदेश लई गोड झाला. असा आमी ऐकलाच न्हाई. तुमी आमाला पसंत हाव. पन मंडळी इचारून राहिली, अन् मला बी इचाराव लागतंय. गावानं आमच्या मान्सायला पानी दिलं न्हाई, ते आमी सोडून देलं. ते परके व्हते. पाळकाच्या घरचं लेकरू आमचं पानी म्होरं ठिवून आपलं पानी पेतं, तर ते आमी कुठं ठिवावं?"

त्यानं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मला उत्तर देता आलं असतं, माझ्या जिभेला कुठं हाड होतं!

आई चटकन पुढं सरकली. "अहो दादा, गैरसमज नका करून घेऊ. तिला कावीळ झाली होती. डॉक्टरांनी उकळलेलंच पाणी सांगितलंय." इतक्या सफाईनं म्हणाली की मलाच क्षणभर डोळे पिवळे झाल्यासारखं वाटलं. गेलं कॉलेज. आईनं बाजू बदलली होती. नवऱ्याचा तो संदेश तिनंही ऐकला होता ना. आणि थोमादादाचा चेहरा बघा काय उजळला! मार्थाआजी दारातून म्हणाली, "बघा, म्या म्हनलं नव्हतं? लेकराला दुकनं असंल!" त्यांना ते खरं असायला हवं होतं. थोमादादा पपांकडं वळला. "असं हाय का सायेब? मंग तर सवालच मिटला. खरं ना?"

पपांनी फक्त 'हो' म्हणायचं होतं. दोन खोल्या, बावीस घरं, रोज देवाबद्दल बोलायला मिळणं, सगळं त्या एका 'हो'च्या पलीकडं होतं. पपांनी बटणं चाचपली. माझ्याकडं बघितलं नाही.

"नाही," ते म्हणाले. "तिला काही झालेलं नाही. मी तिला सगळं सांगितलं होतं. तिनं हट्टानं घेतलं नाही. दोष माझ्या घराचा आहे."

आता कोणी म्हणेल, काय थोर माणूस. मला तेव्हा तसं काही वाटलं नाही. मला वाटलं, काय हा खुळा माणूस! आणि लगेच वाटलं, सुटले. मी जिंकले होते. परतीच्या एस्टीत मी खिडकीशी बसले आणि कॉलेजला कोणती साडी नेसायची याचा विचार केला. पपा उभेच होते, जागा असून. हदगाव गेलं, अर्धापूर गेलं. उन्हानं त्यांचे ओठ फुटले होते. आईनं वॉटरबॅग पुढं केली, त्यांनी मान हलवली. नांदेड यायच्या सुमाराला वाकून मला एवढंच विचारलं, "कॉलेज कधी सुरू होतंय?" मी तारीख सांगितली. "बरं," ते म्हणाले.

मी शिकले. मास्तरीण झाले, लातूरला लग्न होऊन आले, हेडमास्तरीण होऊन निवृत्त झाले. एक वर्ष असं आलं, की आमच्या या शहराला प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, आणि मी वॉर्डातल्या सगळ्यांबरोबर घागर घेऊन रांगेत उभी राहिले. देवाला विनोद कळतो. आता माझी नातवंडं लग्नालासुद्धा आपापली बाटली घेऊन जातात, कोणाला त्यात काही वाटत नाही, आणि ही गोष्ट त्यांना सांगितली तर म्हणतात, "आजी, एवढंच?" हो, एवढंच. कॉलेजचा मला पश्चात्ताप नाही. तशी मी खोटी नाही. मला ते कॉलेज पाहिजे होतं आणि मी रडून, भांडून, उपाशी राहून ते मागायला हवं होतं. मी आईची लेक, मी ते तुच्छतेनं मागितलं, आणि तेही ज्यांनी मला कधी काही केलं नव्हतं त्यांच्या तोंडावर. मोठ्या पाळकसाहेबांना मी इतकी वर्षं नावं ठेवली. पण निदान त्यांनी कोणाचं पाणी परत केल्याचं मी बघितलं नाही. ते तिथवर गेलेच नाहीत.

पुढच्या रविवारी उपासना निम्मी झाली आणि पपा सूचनांना उठले. कागद मोठ्या पाळकसाहेबांच्या हातचा होता, पपा फक्त वाचणार. बुधवारी भगिनी मंडळाची प्रार्थना. शनिवारी झाडलोट. मग त्यांनी बटणं चाचपली आणि त्याच आवाजात वाचलं, "हदगावकडच्या एका लहान मंडळीला पाळक हवा आहे. इच्छुकांनी कळवावे. राहण्यास दोन खोल्या आहेत. पाण्याची सोय आहे."

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. आई आणि मी खाली बघत होतो. पपा हसणं संपेपर्यंत थांबले, आणि मग त्यांनी पुढची सूचना वाचली.